सामान्यांचें भिंग

विद्या साधनांवांचून साध्य होत नाहीं आणि साधनें द्रव्यावांचून मिळत नाहींत, हा जगाचा जुना अनुभव आहे. तथापि बहुतेक प्रत्येक कलेच्या दाराशीं एखादी लहानशी, स्वस्त वस्तु ठेवलेली आढळते, कीं जी हातीं घेऊन गरिबाच्या मुलासही आंत पाऊल टाकतां यावें. लेखनास बोरू, गणितास पाटी, चित्रकलेस कोळशाचा तुकडा. छायाचित्रणाच्या दाराशीं अशी जी वस्तु कित्येक वर्षें ठेवलेली होती तिजविषयीं, आणि ती तेथून वारंवार कां नाहींशी होते याविषयीं, आमच्या विद्यार्थिमित्रांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावे असा आमचा विचार आहे. ती वस्तु म्हणजे पन्नास मिलिमीटर नाभीय अंतराचें साधें भिंग होय.

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत घडलेली एक गोष्ट प्रथम सांगतों. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी आपल्या मामांचा कॅमेरा मागून घेऊन आला होता. त्याची धाकटी बहीण त्या सायंकाळीं नाटुकल्यांत काम करणार होती, आणि गांवीं असलेल्या आजीस तिचें चित्र पाठवावयाचें असा घरांत बेत ठरला होता. नाटुकलें संपलें. मुलानें मोठ्या उत्साहानें चित्रें उघडून पाहिलीं, तों एकूणएक चित्र पुसट! मुलीच्या हातांच्या जागीं धुराचे लोट आणि चेहऱ्याच्या जागीं एक पांढुरका ठिपका. शेजारीं बसलेल्या एका शिक्षकांनीं आपल्या पिशवींतून मुठींत मावेल एवढें एक जुनें भिंग काढलें, कॅमेऱ्यावरील झूम भिंग उतरवून त्या जागीं तें बसविलें आणि सांगितलें, "शेवटच्या समूहगीताला ती पुन्हां येईल, तेव्हां घे." समूहगीताच्या वेळचें चित्र असें उमटलें कीं मुलीच्या वेणींतील अबोलीचीं फुलें मोजून घ्यावीं. मुलगा हरखून म्हणाला, "सर, बाबांनीं मला नवा कॅमेरा घेऊन द्यायचं कबूल केलं आहे. त्यालाही हें भिंग बसेल ना?" शिक्षक क्षणभर थांबले. "तसंच नाहीं बसायचं रे," ते म्हणाले. "नव्या कॅमेऱ्यांची कडी निराळी असते. त्यांचं भिंग निराळं घ्यावं लागेल. कॅमेरा घेण्याआधीं त्या भिंगाची किंमत विचारून ये." चार दिवसांनीं मुलगा किंमत विचारून आला तेव्हां त्याचा चेहरा उतरलेला होता. तो चेहरा पाहूनच हा लेख लिहावा असें आम्हांस वाटलें.

त्या लहानशा भिंगानें असें काय केलें, हें प्रथम पाहूं. प्रत्येक भिंगास प्रकाश आंत घेण्याचें एक द्वार असतें. भिंगाच्या नाभीय अंतरास त्या द्वाराच्या व्यासानें भागिलें असतां जो अंक येतो त्यास छायाचित्रकार एफ-अंक म्हणतात. अंक जितका लहान तितकें द्वार मोठें. मुलाच्या झूम भिंगाचा अंक ५० मि. मी. च्या आसपास ५.६ होता, म्हणजे द्वाराचा व्यास सुमारें ९ मि. मी. शिक्षकांच्या भिंगाचा अंक १.८, म्हणजे व्यास सुमारें २८ मि. मी. वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. हिशेब केला तर दुसऱ्या भिंगांतून पहिल्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आंत येतो. जेथें पहिल्यास सेकंदाचा १५ वा भाग दार उघडें ठेवावें लागे, तेथें दुसऱ्यास सेकंदाचा १२५ वा भाग पुरला. सेकंदाच्या १५ व्या भागांत नाचणाऱ्या मुलीचा हात वीतभर हालतो. १२५ व्या भागांत तो जेमतेम बोटभर हालतो. यांत जादू नाहीं, केवळ गणित आहे.

या भिंगास 'स्टँडर्ड' किंवा प्रमाण-भिंग म्हणतात, त्यासही कारण आहे. ज्या भिंगाचें नाभीय अंतर चित्राच्या चौकटीच्या कर्णाइतकें असतें, त्यांतून दिसणारें दृश्य डोळ्यास स्वाभाविक वाटतें, असा छायाचित्रकारांचा संकेत आहे. पूर्ण आकाराची चौकट ३६ मि. मी. लांब व २४ मि. मी. रुंद असते. पायथागोरसचा सिद्धांत लावून पाहा : कर्ण सुमारें ४३.३ मि. मी. येतो. जर्मनींतील वेट्झलार गांवच्या लाइट्झ कारखान्यांत ऑस्कार बार्नाक यांनीं बनविलेला लायका नांवाचा छोटा कॅमेरा १९२५ मध्यें बाजारांत आला, तेव्हां त्यास ५० मि. मी. चें भिंग होतें. आणि तेव्हांपासून पन्नास हाच आंकडा प्रमाण मानला गेला. आज प्रत्येक घरांत असलेल्या मोबाइलचें मुख्य भिंग याहून पुष्कळ रुंद दृष्टीचें असतें. त्यांत चेहरा मोठा यावा म्हणून आपण फार जवळ जातों, आणि जवळ गेल्यामुळें नाक थोर व कान सान दिसूं लागतात. प्रमाण-भिंगानें काढलेल्या चित्रांत आजी आजीसारखीच दिसते.

दुसरा गुण असा कीं, हें भिंग लांब-आंखूड होत नाहीं. अशा भिंगास 'प्राइम' म्हणतात. झूम भिंग असलेला मनुष्य जागेवर उभा राहून कडें फिरवितो. प्राइम भिंग असलेल्यास पाय हालवावे लागतात. पुढें गेलें तर काय दिसतें, मागें सरलें तर काय सुटतें, गुडघे टेकले तर पार्श्वभूमि कशी पालटते, हें तो शिकतो. आमच्या मतें नवशिक्यास याहून चांगला पंतोजी नाहीं. पंतोजी कडक असतो, पण त्याच्या हाताखालचा धडा विसरत नाहीं.

हें भिंग चांगलें असून स्वस्त कसें झालें, याचा इतिहास बोधप्रद आहे. छायाचित्रणाची कला १८३९ मध्यें जगापुढें आली, तेव्हां एका चित्रास कित्येक मिनिटें लागत. १८४० मध्यें व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक योझेफ पेट्झवाल यांनीं हिशेब मांडून ३.६ अंकाचें भिंग योजिलें, आणि मनुष्याची तसबीर काढणें सुसह्य झालें. आपल्या मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची संस्था निघाली, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तींत होते. परंतु त्या काळीं हा छंद सरकारी अंमलदारांचा व सधनांचा होता. सामान्य मनुष्य कॅमेऱ्यापुढें बसे, त्याच्या मागें उभा राहत नसे.

पुढें १८९६ मध्यें येना येथील झाइस कारखान्यांतील पाउल रुडॉल्फ यांनीं प्लानार नांवाचें भिंग योजिलें. मध्यें द्वार, आणि दोन्ही बाजूंस तीन तीन कांचा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या मांडलेल्या. या सममितीमुळें एका बाजूचे कित्येक दोष दुसरी बाजू फेडून टाकते. कल्पना उत्तम, पण तिजमध्यें एक अडचण होती. कांच आणि हवा जेथें भेटतात तेथें प्रत्येक वेळीं शेंकडा चार-पांच भाग प्रकाश मागें परततो. प्लानारमध्यें असे आठ पृष्ठभाग होते. म्हणजे चौथाईहून अधिक प्रकाश वाटेंतच गळे, आणि त्यांतील कांहीं इकडे तिकडे आपटून चित्रावर धुकें पसरवी. १९३५ मध्यें त्याच झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनीं कांचेवर अत्यंत पातळ लेप देऊन हें परावर्तन कमी करण्याची युक्ति काढली. ती युक्ति सर्वत्र पसरल्यावर रुडॉल्फ यांची जुनी कल्पना खऱ्या अर्थानें फळास आली. आजचें साधें पन्नास मि. मी. चें भिंग हें त्याच घराण्यांतील आहे.

नंतर जपानी कारखान्यांचे आरशाचे कॅमेरे आले. त्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्यें आरसा हालण्यास जागा सोडावी लागे. निकॉनच्या कडीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मि. मी., कॅननच्या कडीपासून ४४ मि. मी. एवढें अंतर असे. यापेक्षां पुष्कळ आंखूड नाभीय अंतराचें भिंग करावयाचें तर उलट्या रचनेनें अधिक कांचा घालाव्या लागत. पन्नासाच्या भिंगास मात्र सहा-सात साध्या कांचा पुरत. रचना जुनी, हिशेब झालेला, सांचे तयार, आणि खप अफाट. म्हणून तें स्वस्त झालें. कित्येक वर्षें कॅमेरा विकत घेतला कीं त्याबरोबर हेंच भिंग येत असे. कॅननचें १.८ अंकाचें भिंग १९८७ मध्यें आलें. १९९० मध्यें त्याची दुसरी आवृत्ति निघाली, तिची कडीसुद्धां प्लास्टिकची होती आणि वजन अवघें १३० ग्रॅम. जाणते तिला हंसत, परंतु जगभरच्या विद्यार्थ्यांनीं तिला डोक्यावर घेतलें. २०१५ मध्यें तिसरी आवृत्ति धातूच्या कडीसह आली. अमेरिकेंतील किंमत १२५ डॉलर. निकॉनचें तशाच जातीचें भिंग २०११ मध्यें सुमारें २२० डॉलरांस निघालें. दाराशीं ठेवलेली वस्तु म्हणतों ती हीच.

आतां आमच्या तक्रारीकडे वळूं. गेल्या कांहीं वर्षांत कॅमेऱ्यांतून आरसा नाहींसा झाला. आरसा गेल्यामुळें भिंग आंतील पटाजवळ आणतां येऊं लागलें : सोनीच्या कडीचें अंतर १८ मि. मी., कॅननचें २०, निकॉनचें १६. भिंग योजणाऱ्यास इतकी मोकळीक मिळाल्यावर चांगलें व स्वस्त प्रमाण-भिंग आधीं येईल, अशी आशा छायाचित्रकारांनीं धरली तर त्यांत नवल काय? परंतु घडलें तें उलटच. सोनीचा पूर्ण चौकटीचा नवा कॅमेरा २०१३ मध्यें आला, त्याबरोबरचें १.८ अंकाचें भिंग सुमारें १००० डॉलरांचें होतें, आणि २५० डॉलरांचें साधें पन्नास उजाडण्यास २०१६ साल लागलें. कॅननची नवी कडी २०१८ च्या सप्टेंबरांत आली. तिचें पहिलें पन्नास १.२ अंकाचें, वजन ९५० ग्रॅम आणि किंमत सुमारें २३०० डॉलर! बरोबर ३५ मि. मी. चें एक भिंग ५०० डॉलरांस होतें, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. पण साधें पन्नास २०२० च्या अखेरीस आलें, तेव्हां त्याची किंमत २०० डॉलर होती. निकॉननें २०१८ मध्यें १.८ अंकाचेंच भिंग दिलें खरें, परंतु त्यांत बारा कांचा, वजन ४१५ ग्रॅम व किंमत ६०० डॉलर. त्यांचें ३०० डॉलरांचें, २ अंकाचें, ४० मि. मी. चें हलकें भिंग २०२१ मध्यें आलें.

सहाशे डॉलर म्हणजे किती? त्या वर्षीं डॉलरचा भाव सत्तर रुपयांच्या आसपास होता. म्हणजे कर व दुकानदाराचा नफा वगळूनही ४२,००० रुपये. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या वडिलांचा एका महिन्याचा पगार त्याहून कमी आहे. तिन्ही कारखान्यांनीं शेवटीं स्वस्त भिंग दिलें, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं त्यांनीं कळस आधीं बांधला आणि पायरी दोन-तीन वर्षांनीं. श्रीमंतास दोन वर्षें म्हणजे कांहींच नव्हे. पण नववींतील मुलास दोन वर्षें म्हणजे शाळा संपलीच.

लहान चौकटीच्या कॅमेऱ्यांची कथा याहून खेदाची आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हातांत बहुधा तेच कॅमेरे असतात. त्यांचा पट पूर्ण चौकटीहून लहान असल्यामुळें पन्नासाचें भिंग त्यांवर पंचाहत्तर-ऐंशीसारखें वागतें. रंगमंचावरील बहिणीसाठीं तें ठीक. परंतु दहा फुटी खोलींत सर्व कुटुंबाचें चित्र काढावयाचें तर पाठ भिंतीस टेकून मुलगा खिडकीबाहेर जाईल! या कॅमेऱ्यांचें खरें प्रमाण-भिंग तीस-पस्तीस मि. मी. चें. निकॉननें २००९ मध्यें आरशाच्या लहान कॅमेऱ्यांसाठीं ३५ मि. मी. चें १.८ अंकाचें भिंग २०० डॉलरांस देऊन मोठा लोकोपकार केला होता. त्यांचा आरसा नसलेला लहान कॅमेरा २०१९ मध्यें आला. त्याच्यासाठीं खास योजिलेलें हलकें, उजळ भिंग, तेंही २४ मि. मी. चें, २०२३ मध्यें २८० डॉलरांस निघालें. चार वर्षें या लहान कॅमेऱ्याच्या धन्यानें एकतर झूम भिंगावर भागवावें, नाहींतर मोठ्या चौकटीचें भिंग विकत घ्यावें, अशी स्थिति होती.

कारखानदारांचीही बाजू आहे, आणि ती ऐकून न घेतां निकाल देणें आमच्या शाळेच्या शिस्तीस शोभणार नाहीं. ते म्हणतील, मोबाइलमुळें आमचा धंदा बुडत आला. हें खोटें नाहीं. जपानी कारखानदारांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० मध्यें १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते. २०२० मध्यें ती संख्या ९० लाखांच्याही खालीं आली. गिऱ्हाइकें थोडीं उरलीं म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाकडून अधिक पैसा मिळवावा, असें व्यापाऱ्यास वाटणें साहजिक आहे. नवी कडी काढण्यास प्रचंड खर्च येतो. ती किती उत्तम आहे हें दाखविण्यास प्रथम उत्तमोत्तम भिंगच पुढें करावें लागतें. शिवाय ते म्हणतील, जुनें भिंग अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर बसतेंच कीं!

या तिन्ही मुद्द्यांस आमचें नम्र उत्तर आहे. अडॅप्टरची गोष्ट खरी. पण त्यास निराळे पैसे पडतात, मुठींत मावणारें भिंग लांब होतें, आणि कांहीं जुन्या भिंगांची नाभी त्यावर आपोआप साधत नाहीं, हातानें साधावी लागते. ती दुधाची तहान ताकावर भागविणें होय. उत्तम भिंग आधीं दाखवावें, यासही आमची हरकत नाहीं. बारा कांचांच्या त्या भिंगाची चित्रें कडेपर्यंत रेखीव येतात, हें जाणते एकमुखानें सांगतात. पण त्याच्या शेजारीं एक साधें भिंग ठेवल्यानें त्याची शोभा कमी झाली नसती. राहिला धंद्याचा मुद्दा. मोबाइलवर समाधान मानणाऱ्या मुलास कॅमेऱ्याकडे ओढून आणील असें काय आहे? दोन हजार डॉलरांचें भिंग खचित नव्हे. मोबाइलनें जें साधत नाहीं तें या दोनशे डॉलरांच्या भिंगानें साधतें, असें एकदां त्यानें डोळ्यांनीं पाहिलें कीं तो आयुष्यभराचा गिऱ्हाईक झाला. जो शेतकरी उद्यांचें बियाणें आज महाग विकतो, त्यानें पुढच्या सुगीची आशा करूं नये. म्हणून नवी कडी काढणाऱ्या कारखान्यानें पहिल्याच वर्षीं तिचें स्वस्त प्रमाण-भिंग द्यावें, आणि लहान चौकटीच्या कॅमेऱ्यासही त्याच्या मापाचें द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. ही भिक्षा नव्हे. ही रास्त अपेक्षा आहे, आणि तींत कारखानदाराचेंही हित आहे.

जपानांतील कारखानदार आमचें वार्षिक वाचणार नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु गिऱ्हाईक कोणता प्रश्न विचारतो याकडे दुकानदाराचे कान असतात, आणि दुकानदाराकडे कारखान्याचे. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलासाठीं कॅमेरा घेतांना केवळ कॅमेऱ्याची किंमत विचारूं नका. "याला बसणारं साधं, उजळ, एकाच नाभीय अंतराचं भिंग केवढ्याला?" असें विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर दुसऱ्या जातीचा कॅमेरा पाहा. कॅमेरा पांच-सात वर्षांनीं जुना होतो. कडी मात्र एकदां पत्करली कीं ती सहसा सुटत नाहीं. सोयरीक करतांना आपण घराणें पाहतों, तसेंच येथेंही पाहावें.

विद्यार्थ्यांस मात्र निराळी गोष्ट सांगावयाची आहे. आशा करणें चांगलें, पण आशेचें निमित्त करून हात जोडून बसणें वाईट. नवें भिंग येईल, मग मी चित्रें काढीन, १.८ च्या ऐवजीं १.४ अंकाचें मिळेल, मग माझीं चित्रें चांगलीं येतील, असें म्हणणारे पुष्कळ आढळतात. १.४ अंकाच्या भिंगांतून १.८ च्या मानानें पावणेदोनपटीहूनही कमी प्रकाश येतो. त्यासाठीं किंमत मात्र कित्येकदां दुप्पट-तिप्पट पडते. ज्यास दहापट प्रकाश मिळूनही चित्र साधलें नाहीं, त्यास ही भर तारणार नाहीं. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण छायाचित्रकारांसही लागू आहे. फ्रान्सचे हेन्री कार्तिए-ब्रेसों यांनीं आपलें बहुतेक आयुष्य लायका व पन्नासाचें भिंग यांवर काढलें. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळीं दिल्लींत बिर्ला हाउसच्या फाटकावरून पंडित नेहरू महात्माजींच्या निधनाची वार्ता सांगत असतांना त्यांनीं घेतलेलें चित्र जगप्रसिद्ध आहे. आपल्या होमाय व्यारावाला, नवसारीस जन्मलेल्या व मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या, यांच्या हातांतील कॅमेऱ्यांपैकीं रोलायफ्लेक्स हा एक. त्याचें भिंग बदलतांच येत नाहीं. तरी त्यांनीं स्वतंत्र भारताचा उदय चित्रांत बांधून ठेविला, आणि २०११ मध्यें राष्ट्रानें त्यांस पद्मविभूषण देऊन गौरविलें.

तोंवर करावें काय? जुन्या बाजारांत आरशाच्या कॅमेऱ्यांचीं पन्नासाचीं भिंगें आजही अल्प किंमतींत मिळतात. घेतांना भिंग उजेडासमोर धरून आंत पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी व तें भिंग परत द्यावें. आपल्या कोंकण-मुंबईच्या पावसाळ्यांत ही बुरशी फार लवकर धरते. म्हणून जून ते सप्टेंबर भिंग घट्ट झांकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें, आणि मधून मधून काढून वापरावें. वापरांतलें भिंग बंद पेटींतल्या भिंगाहून अधिक टिकतें. आमची दुसरी सूचना शाळेस आहे. ग्रंथालयांत जशीं पुस्तकें तसें प्रयोगशाळेच्या कपाटांत एक जुना कॅमेरा व एक प्रमाण-भिंग असावें, आणि तें चिठ्ठीवर नांव लिहून मुलांस घरीं नेतां यावें. माजी विद्यार्थ्यांच्या घरीं असे कॅमेरे धूळ खात पडलेले आहेत. त्यांनीं ते शाळेस द्यावे, एवढेंच आमचें मागणें आहे.

त्या नववींतील मुलाची गोष्ट अर्धी राहिली. त्याच्या वडिलांनीं दुकानांत वरील प्रश्न विचारला, दोन दिवस विचार केला, आणि नव्या कॅमेऱ्याचा बेत पुढें ढकलून मामांच्याच जातीचा एक वापरलेला कॅमेरा व एक पन्नासाचें भिंग मिळून घेतलें. नव्या कडीचें स्वस्त भिंग पाहून मग पुढचें पाहूं, असें ते म्हणाले. मुलगा प्रथम थोडा हिरमुसला, पण आतां रोज सायंकाळीं तो कॅमेरा घेऊन अंगणांत दिसतो. समूहगीताचें तें चित्र कागदावर छापून आजीस केव्हांच पोंचलें. तिनें तें देवघराशेजारीं लावलें आहे, असें ऐकतों. अशीं चित्रें प्रत्येक घरांत असावीं, आणि तीं घरच्याच मुलांनीं काढलेलीं असावीं, इतकी इच्छा प्रकट करून आम्ही वाचकांचा निरोप घेतों.